दुसरी खेप

हडपसर, २ एप्रिल १९६७

आक्का,

आबांचा खोकला थांबला आहे, काळजी करू नकोस. तुझ्याकडे एक काम आहे. ते का आहे हे आधी क्रमाने सांगतो, नाहीतर तू मला वेड्यात काढशील.

आमच्या छापखान्याचे मालक माधवराव दर उन्हाळ्यात वाचनालयांसाठी रहस्यकथा काढतात. या वर्षीच्या एका पुस्तकाचे मुखपृष्ठ फेब्रुवारीतच छापून झाले, दोन हजार प्रती, तीन रंगांत. हिरव्या लुगड्यातली बाई विहिरीच्या पायरीवर उभी आहे, काखेत कळशी, आणि तिच्यामागे एका पुरुषाची सावली. नाव 'सातवी पायरी'. खाली लेखकाचे नाव. फक्त आत काही नाही. लेखकाने एक ओळही न लिहिता इंदूरला मुलीकडे बिऱ्हाड हलवले.

काल माधवरावांनी मला बोलावले. म्हणाले, "बजरंगराव, परवा अक्षरांचे खिळे जुळवताना तुम्ही एका प्राध्यापकांचे वाक्य परस्पर बदललेत." मी घाबरून कबूल केले. म्हणाले, "आधीपेक्षा बरे झाले आहे, म्हणून तर प्राध्यापक चिडलेत. कादंबरी लिहाल? एक महिना देतो." मी सांगितले की माझी शाळा सातवीलाच सुटली. म्हणाले, "मी तीस वर्षे एम. ए. झालेल्यांची पुस्तके छापतो आहे. तुम्ही खुशाल लिहा."

मी हो म्हणालो. का म्हणालो ते अजून कळत नाही. दहा फर्मे लिहायचे आहेत. एका फर्म्यात सोळा पाने, म्हणजे दर तीन दिवसांनी एक फर्मा. आमच्याकडे खिळे एका फर्म्यापुरतेच आहेत. सोळा पाने जुळवायची, छापायची, मग तेच खिळे सोडवून पुढची सोळा जुळवायची. त्यामुळे मागचे पान बदलता येणार नाही. पहिल्या फर्म्यात जो मेला तो मेला. महिन्यात काम झाले तर पुढच्या पुस्तकावर माझे नाव येणार आहे.

आता काम. विहीर मला नीट माहीत नाही. तुमच्या मळ्यातली पायऱ्यांची विहीर मी एकदाच पाहिली, तीन वर्षांपूर्वी, तुझ्या थोरल्या जाऊबाई मुक्ताबाई पाय घसरून त्यात गेल्या तेव्हा. तू त्या वेळी गोठ्यात होतीस हे मला ठाऊक आहे. जुने काढतो म्हणून रागावू नकोस. पण पायऱ्या किती, निसरडी कोणती, बाई कळशी कुठे टेकवते, हे जसेच्या तसे कळव. मला चूक नको आहे.

तुझा
बजरंग

---

बोरमाळ, ६ एप्रिल

बजा,

तुझं पत्र ह्यांनी सगळ्यांपुढं वाचलं. मेव्हणा लेखक झाला म्हणून परत एकदा वाचलं. थोरले भाऊजी म्हणाले, "छापखान्यात बसलं की अंगाला शाई लागायचीच." सगळे हसले.

विहिरीचं विचारलंस. अकरा पायऱ्या हायत. पाचवीचा कोपरा फुटलाय, तिथं शेवाळ धरतं. बाई खाली जाते, कळशी बुडवते, कमरेवर घेऊन चढते. वर आली की काठावरच्या चपट्या दगडावर टेकवते आणि दम खाते. मग चुंबळ सारखी करून डोक्यावर घेते. टेकवल्याबिगर कुणी पुढं जात न्हाई. मी तर दोनदा टेकवते. जाऊबाईंचा हात फार चांगला. त्या दिवशीसुद्धा त्यांची कळशी त्या दगडावर काठोकाठ भरलेली होती, दगडावर थेंब सांडला नव्हता.

त्यांची आई सरुबाई अजून महिन्याकाठी एकदा चालत येते, चार कोस. विहिरीवर बसते. कुणाला दोष देत न्हाई, शिव्या देत न्हाई. एवढंच विचारते, "पाण्याला जाताना पडली का येताना?" कुणी उत्तर देत न्हाई. मग भाकरी खाऊन जाते. मला तिच्यापुढं भाकरी ठेवायची भीती वाटते.

जेवणाची हयगय करू नकोस. तुझी सवय मला माहीत हाय.

शालू

---

पुणे, १५ एप्रिल

आक्का,

चार फर्मे छापून झाले. एक दिवसही मागे पडलेलो नाही. पहिल्या दोन फर्म्यांत काहीच घडत नव्हते. बाई पाणी भरत होती आणि मी पायऱ्या मोजत होतो. माधवराव म्हणाले, "विहिरीचे वर्णन उत्तम आहे. पाटबंधारे खात्याला पाठवू या." दोन दिवस मला अन्न गेले नाही.

मग तुझ्या पत्रातल्या एका ओळीने मला वाचवले. कळशी भरून वर दगडावर होती. म्हणजे बाई वर आलेली होती. जी बाई भरलेली कळशी घेऊन वर पोचली, ती पाण्यात कशी पडेल? ती पडली नाही. सगळा गाव घसरली म्हणतो, आणि एक भरलेली कळशी नाही म्हणते. हे सुचले तेव्हा मी उभाच राहिलो. चौथा फर्मा मी कागदावर लिहिलासुद्धा नाही, थेट खिळ्यांत जुळवला. चित्रातल्या सावलीला मी बाईचा नवरा केले आहे. मोठे दाजी असल्या गोष्टी मनावर घेणार नाहीत. तरी तुमच्या घराचा संबंध दिसू नये म्हणून गाव, नावे, पिके, बैलांचे रंगसुद्धा बदलले. कळशी आणि पाचवी पायरी (खालून मोजली की तीच सातवी, म्हणजे पुस्तकाचे नावही जुळते) मात्र बदलली नाही. ती बदलली असती तर खोटे झाले असते.

चारही फर्म्यांचे कागद सोबत पाठवतो. दाजींना वाचू दे. कुठे चूक दिसली तर कळव. छापलेले बदलता येणार नाही, पण मला माहीत असलेले बरे.

बजरंग

---

बोरमाळ, १९ एप्रिल

मेव्हणेबुवा,

रामराम. आक्काचं पत्र येईल म्हणून वाट बघत असाल, पण ह्या खेपेला मीच लिहितो. कागद पोचले, सोबतची चिठ्ठी न वाचताच आक्काकडं दिली. संध्याकाळी ओट्यावर बसून चारी कागद मोठ्यानं वाचले. निम्मा गाव गोळा झाला होता. मधी गुळाचा चहा झाला. लोक म्हणाले, संभाजी, तुझ्या सासरवाडीला डोकं हाय. मी म्हटलं, एवढंच मिळालं हुंड्यात.

आमच्या दादाला तर फारच आवडलं. मच्छिंद्रदादा कधी पुस्तकाला हात लावत न्हाई, पण चौथा कागद त्यानं परत वाचायला लावला. कळशीचं आलं तिथं म्हणाला, थांब, पुन्यांदा वाच. मग विचारलं, हे मेव्हण्याला कुणी सांगितलं? मी म्हटलं, दुसरं कोण सांगणार, विहिरीची सगळी माहिती आमच्या मंडळींनीच लिहून धाडली. दादा म्हणाला, अस्सं. आता पुढच्या कागदांची माझ्यापेक्षा त्यालाच घाई झालीय. रोज टपाल आणायला तो स्वतः जातो.

खुनी कोण ते मला एकट्याला आधी कळवा. कुणाला सांगणार न्हाई.

आपला
संभाजी

---

सासवड, २४ एप्रिल

बजा,

हे पत्र मी बाजारातून टाकते हाय. इथं रझिया मणेरीण बांगड्यांचं दुकान लावते. तिच्या दुकानात बसून लिहिते. तुला काही लिहायचं असलं तर तिच्या पत्त्यावर लिही, पत्ता खाली दिलाय. घरी तसलं काही लिहू नकोस. घरचं टपाल थोरले भाऊजी फोडतात.

मी तुला चुकून लिहिलं. लिहिताना मला कळलंच न्हाई. पंचनाम्यात कळशी विहिरीच्या तळाशी सापडली असं हाय. सगळ्या गावानं ती तळातून काढताना बघितली. ती वर दगडावर भरलेली होती हे दोनच माणसांना ठाऊक होतं. ज्यांनी ती नंतर उचलून पाण्यात टाकली त्यांना, आणि मला. मी गोठ्यात नव्हते, बजा. गोठ्याच्या भिंतीमागं होते.

जाऊबाई वर आल्या होत्या. कळशी टेकवली. म्हणाल्या, मी उद्या आईकडं जाते आणि परत येत न्हाई. एवढंच ऐकू आलं. पुढचं मी कागदावर लिहिणार न्हाई. घसरल्या न्हाईत, एवढं तू लिहिलंस ते खरं हाय.

तीन वर्षं त्यांना वाटत होतं, कुणी बघितलं न्हाई. आता ओट्यावर सगळ्यांपुढं त्यांनी ऐकलं. त्या दिवसापासून मला काही बोलले न्हाईत. मी पाण्याला निघाले की तेही मळ्याकडं निघतात. काल मी अर्ध्या वाटेवरून रिकामी परत आले. ह्यांना काही कळत न्हाई, हे हसतात. ह्यांना सांगितलं तर भाऊ का बायको असं होईल, आणि मला उत्तर माहीत हाय.

पोलिसात जा म्हणशील. तीन वर्षं मी गोठ्यात होते म्हणून सांगितलंय, सहीसकट. हडपसरला ये म्हणशील. पोरांना सोडून येऊ? आणि निघाले तर कबूल केल्यासारखंच हाय.

तुझे राहिलेले कागद आता तेच आधी वाचणार. तू एवढंच कर. तुझ्या गोष्टीत तिला घसरू दे.

शालू

---

पुणे, २६ एप्रिल
(रझियाबी यांच्या दुकानी)

आक्का,

तुझे पत्र सकाळी मिळाले. मी ते पाच वेळा वाचले आणि मग खिळ्यांच्या खणांसमोर नुसता उभा राहिलो. आठवा फर्मा यंत्रावर होता. चौथ्या फर्म्याचे दोन हजार कागद मागच्या खोलीत माझ्या खांद्याएवढे रचून ठेवलेले आहेत. त्यातला प्रत्येक कागद मी स्वतः तपासला होता. एकही चूक नाही.

मी माधवरावांकडे गेलो. म्हटले, पुस्तक थांबवा. "कारण?" मला कारण सांगता येईना. म्हणाले, "लेखकाला पश्चात्ताप पुस्तक संपल्यावर व्हावा, अशी पद्धत आहे." मी म्हटले, चौथा फर्मा तरी पुन्हा छापू, कागद माझ्या पगारातून कापा. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. म्हणाले, "बजरंगराव, जाहिरात गेली आहे. लिहिलेत ते निस्तरा." ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांना सांगितले असते तर कदाचित थांबलेही असते. पण सांगायचे म्हणजे तुझे सांगायचे, आणि मी एकदा तुझे सांगून बसलो आहे.

तू मुलांना घेऊन ये. आबांना मी समजावतो. इथे जागा एका खोलीची आहे, पण मी छापखान्यात झोपेन. हे मी आधी लिहितो, कारण पुढचे लिहिल्यावर मला हे लिहिण्याचा अधिकार राहणार नाही.

कळशी मला खोडता येत नाही. ती दोन हजार वेळा भरलेली आहे. म्हणून बाईला मी पुन्हा खाली पाठवतो. असे लिहीन की पाहुणे येणार होते, पाणी जास्त लागणार होते. भरलेली कळशी तिने वर ठेवली आणि हंडा घेऊन ती दुसऱ्या खेपेला उतरली. येताना पाचव्या पायरीचा कोपरा निसटला. नवरा दूर रानात होता, सावली झाडाची होती. आधीच्या फर्म्यांतल्या प्रत्येक ओळीशी हे जुळते. मी ताडून पाहिले. जुळवत होतो तेव्हा मला ते खरे वाटू लागले, आक्का. हात भराभर चालत होता.

एकच राहते. ती म्हातारी चार कोस चालत येऊन विचारते की लेक जाताना पडली का येताना. ही गोष्ट तिच्या कानावर जाणार नाही ना? नववा फर्मा २९ तारखेला छापायला जातो. त्याआधी तुझे पत्र आले आणि तू नको म्हणालीस, तर मी खिळे जमिनीवर ओतून देईन आणि माधवरावांना काय ते सांगेन. नाही आले तर तसेच छापतो.

बजरंग

---

पुणे, ३ मे

ती. दाजींना बजरंगचा नमस्कार.

आपल्या आशीर्वादाने कादंबरी काल तिसाव्या दिवशी पूर्ण झाली. पाच ते दहा फर्म्यांचे कागद सोबत पाठवत आहे. मधले कागद वेळेवर पाठवता आले नाहीत, त्याबद्दल क्षमा असावी. खुनी कोण हे आपण विचारले होते. खुनी कोणीच नाही. गावाने एका भल्या माणसावर उगाच संशय घेतला, असा शेवट आहे. माधवराव म्हणाले, "खून झाला नाही हे शेवटी कळले की वाचक चिडतो. पण पटेल त्याला. पटले की पुरे."

आपल्या पत्रात एक गैरसमज झालेला दिसतो, तो दूर करतो. आक्काने मला फक्त पायऱ्यांची संख्या कळवली होती. भरलेली कळशी वर ठेवण्याची युक्ती माधवरावांची. मुखपृष्ठावर कळशी आहे, ती कुठेतरी वापरा, असा त्यांचा आग्रह होता. आक्काला यातले काही ठाऊक नव्हते. तिला कशाला ठाऊक असेल?

मोठ्या दाजींना माझा नमस्कार सांगावा. त्यांना कागद आवडले हे वाचून धीर आला. शेवटचे दोन फर्मे त्यांनी अवश्य ऐकावेत.

आपला
बजरंग

---

बोरमाळ, २२ मे

बजा,

हे पत्र मी घरूनच लिहिते. आता लिहिता येतं.

तुझं २६ तारखेचं पत्र मला रझियाकडून एक तारखेच्या बाजाराला मिळालं. तोवर तू छापलं होतंस. आधी मिळालं असतं तरी मी नको म्हटलं नसतं. हे तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून सांगत न्हाई, खरं हाय ते सांगते.

कागद आले त्या संध्याकाळी ह्यांनी वाचले. थोरले भाऊजी खांबाला टेकून बसले होते. दुसऱ्या खेपेचं आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. वाचून झाल्यावर म्हणाले, "बरं लिहिलंय पोरानं." मग मला म्हणाले, "शालू, पाणी दे." इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले. दुसऱ्या दिवसापासून टपाल पोरं आणायला लागली. मीही एकटी पाण्याला जाते.

आता ते स्वतःच सांगतात. पारावर परवा म्हणत होते, "कळशी वर ठेवून दुसऱ्या खेपेला गेली ती." कळशी तळाशी सापडली होती हे कुणालाच आठवत न्हाई, बजा. पंचनाम्याला जे पाण्यात उतरले होते तेही मान हलवतात. पुस्तकात आलंय म्हणतात.

गेल्या मंगळवारी सरुबाई आली. भाऊजींनी तिला ओट्यावर बसवलं, चहा दिला. तीन वर्षांत पहिल्यांदा. ह्यांना म्हणाले, वाच मावशीला. ह्यांनी वाचलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. हे दोघं बैल सोडायला गेले, तशी मागं चुलीपाशी आली. म्हणाली, "खरं का गं, शालू? येताना पडली? दुसऱ्या खेपेला?"

मी हो म्हटलं.

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, "बरं झालं बाई, कळलं. माझ्या डोक्यात रोज दोन-दोनदा पडायची ती." मी भाकरी वाढली, ती खाल्ली. आणि उठताना म्हणाली, "मग तो हंडा अजून खालीच असंल. उन्हानं पाणी उतरलंय. मी जाऊन बघते. लेकीच्या हातचं शेवटचं भांडं ते, मला हवं."

ती उतरायला निघाली होती, बजा. त्या पायऱ्यांवरून, त्या वयात. खाली काय असणार? मी म्हटलं, मावशी, बसा, परवाच गडी उतरले होते, त्यांनी काढून ठेवलाय. मी मागच्या खोलीत गेले. आबांनी माझ्या लग्नात दिलेला तांब्याचा हंडा होता तो रिकामा केला. परसातल्या दगडी डोणीतलं शेवाळ आणून आतून फासलं. बाहेरून चिखल लावला आणि थोडा पुसला. तुला सांगू का, मी तुझ्यासारखंच नीट केलं. कुठं चूक ठेवली न्हाई.

तिनं हंडा मांडीवर घेतला. गळ्यावर नाव कोरलेलं हाय, 'सौ. शालू संभाजी, वडील गेनबा यांजकडून'. तिला अक्षर येत न्हाई. बोट फिरवत म्हणाली, "हे काय लिहिलंय?"

मी म्हटलं, "मुक्ता."

ती ओळभर बोट फिरवत राहिली. मग पदराची चुंबळ केली, रिकामा हंडा डोक्यावर घेतला आणि गेली. आता ती परत यायची न्हाई, तिला यायचं कारण उरलं न्हाई.

रात्री ह्यांनी विचारलं, हंडा दिसत न्हाई. मी म्हटलं, विहिरीत पडला.

शालू